न फेडलेले तीन येन

भाचा दोन वर्षं योकोहामाला नोकरी करून परत आला, तेव्हा पाकिटात उरलेली पाच हजार येनची एक नोट त्याने माझ्या हातावर ठेवली. "मावशी, बघ कुठे बदलून मिळते का. नाहीतर ठेव तुझ्या डिक्शनरीत." मी डिक्शनरीत ठेवली. आजच्या भावाने तिचे तीन हजारांच्या आतबाहेर रुपये यावेत. नोटेवर एका तरुण बाईचा चेहरा आहे. केस वर बांधलेले, किमोनोचा गळा नीटनेटका, कपाळावर की गालावर एक सुरकुती नाही. असणार कुठून? ती चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली.

हिगुची इचियो, कथालेखिका. जन्म १८७२, मृत्यू १८९६. वडील धंद्यात बुडाले आणि १८८९ साली देणी मागे ठेवून गेले. घरात आई, धाकटी बहीण आणि ही. परक्यांचे कपडे शिवायचे, धुवायचे, तेवढ्यानेही भागलं नाही की घरातलं काहीतरी गहाणवटीच्या दुकानात न्यायचं. तोक्योच्या होंगो भागातल्या ज्या इसेया नावाच्या दुकानात ती जायची, त्याची वास्तू अजून उभी आहे. १८९३ मध्ये तिने योशिवारा या वेश्यावस्तीच्या कडेला छोटंसं दुकान टाकलं. पोरांसाठी स्वस्त खाऊ, खेळणी, केरसुण्या, साबण. वर्षही पुरं झालं नाही. दुकान डळमळत असतानाच ती एका ज्योतिषाकडे गेली, शेअरबाजारात खेळायला भांडवल द्याल का म्हणून विचारायला. त्याने महिना पंधरा येन द्यायची तयारी दाखवली, पण त्याची बाई होऊन राहण्याच्या बोलीवर. तिने नाही म्हटलं.

अशा बाईला २००४ साली पाच हजारांच्या नोटेवर बसवायचं, यात सरकारी विनोदबुद्धी आहे की निव्वळ विसराळूपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. २०२४ च्या जुलैत नव्या नोटा आल्या आणि तिची जागा त्सुदा उमेको या शिक्षणतज्ज्ञ बाईंना मिळाली. जुनी नोट अजून चालते म्हणे.

मी जपानी शिकले ती साहित्यासाठी वगैरे नाही. पुण्यात जपानी येणाऱ्याला कंपन्यांची कामं मिळतात, म्हणून शिकले. वीस-बावीस वर्षं 'मित्सुमोरी' म्हणजे कोटेशनं आणि 'सेइक्यूशो' म्हणजे बिलं भाषांतरित करत आले. या कामात विशेषण चुकलं तर कुणी विचारत नाही, आकडा चुकला तर सकाळी नऊला फोन येतो. त्यामुळे कादंबऱ्या वाचायला लागले तेव्हाही डोळा आधी आकड्यावरच जायचा. आपल्याकडे जपानी साहित्य म्हटलं की चेरीचा मोहर, पाऊस आणि मौन असा एक समज आहे. मला तिथे ठायी ठायी हिशेबाची वही उघडी दिसली. किती घेतले, कुणाकडून, किती दिवसांच्या बोलीने, आणि परत केले का. हे लेखक प्रेम मोघम लिहितात. पैसे मात्र शेवटच्या रिनपर्यंत. (आपले रुपये-आणे-पै, तसे त्यांचे येन-सेन-रिन. शंभर सेनचा येन, दहा रिनचा सेन.)

महिन्याच्या शेवटच्या दिवसाला जपानीत 'मिसोका' म्हणतात, वर्षाच्या शेवटच्या दिवसाला 'ओमिसोका', आणि त्याचंच जुनं नाव 'ओत्सुगोमोरी'. पूर्वी वर्षभर माल उधारीवर उचलायचा आणि या दिवशी खातं चुकतं करायचं. बँकेतल्या माणसाला मार्चएंड असतो, तसा तो अख्ख्या गावाला असे. ओसाकाच्या इहारा साइकाकुने १६९२ साली या एकाच दिवसावर वीस गोष्टींचं पुस्तक लिहिलं, वसुलीवाल्याला कसं चुकवायचं याच्या नाना युक्त्यांनी भरलेलं. दोनशे वर्षांनी, १८९४ मध्ये, इचियोने त्याच दिवसाचं नाव देऊन एक कथा लिहिली. साइकाकु वाचताना हसू येतं. इचियो वाचताना पोटात खड्डा पडतो.

ओमिने ही अठरा वर्षांची पोर एका श्रीमंत आणि चिकट घरात कामाला आहे. तिला लहानाचं मोठं करणारा यासुबेई हा भाजीवाला आजारी पडतो आणि सावकाराकडून तीन महिन्यांच्या बोलीने दहा येन घेतो. हातात येतात साडेआठ. दीड येन व्याजाचा आधीच कापून घेतलेला. आता मुदत भरली. ती पुढे ढकलायची तर पुन्हा दीड येन हवा, आणि नव्या वर्षाची मोची (कुटलेल्या भाताच्या वड्या) घरात यायची तर वर थोडे. म्हणून दोन. त्याचा आठ वर्षांचा मुलगा शिंपल्या विकत हिंडतो. ओमिने मालकिणीकडे दोन येन उसने मागते. मालकीण आधी हो म्हणते आणि ऐन दिवशी कानावर हात ठेवते. मग ओमिने खणातल्या वीस नोटांच्या गड्डीतून दोन काढते.

रात्री हिशेबासाठी खण उघडायची वेळ येते. ओमिनेने मनाशी ठरवलंय, सगळं कबूल करायचं, आणि म्हाताऱ्यावर बालंट आलं तर जीभ चावून मरायचं. खण उघडतो, तर आत एकही नोट नाही. फक्त एक चिठ्ठी. खणातलेही उसने नेले आहेत, खाली सही इशिनोसुकेची. हा घरातला उधळ्या मुलगा, त्याच संध्याकाळी बापाकडून पन्नास येन काढून गेलेला. तो ओमिनेचा पाठीराखा देवच म्हणायचा का, आणि पुढे काय झालं असेल, एवढं विचारून इचियो कथा संपवते.

शेवटच्या कलाटणीचं कौतुक सगळेच करतात. मी अडकते ती त्या चिठ्ठीतल्या क्रियापदात. मोठ्या अदबीचं आहे ते, 'कृपा करून उसने घेतले' अशा थाटाचं. घरच्या मुलाने अठरा नेले ते उसने, मोलकरणीने दोन नेले ती चोरी. आणि तो दीड येन! दहा लिहून साडेआठ हातावर ठेवण्याची ही रीत आपल्या सावकारांनाही ठाऊक होती. हल्ली मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारे तिला प्रोसेसिंग फी म्हणतात.

हजाराच्या नोटेवर १९८४ पासून वीस वर्षं नात्सुमे सोसेकी होता. त्याच्या 'बोच्चान' (१९०६) या कादंबरीकडे शाळेतल्या गमतीजमती म्हणून पाहिलं जातं, आणि आहेतही त्या. पण तिच्या पोटात कर्जाचं एक पूर्ण शास्त्र आहे. कथा सांगणाऱ्या पोराचं घरात कुणाशी पटत नाही. त्याच्यावर जीव आहे तो फक्त कियो या म्हाताऱ्या मोलकरणीचा. ती एकदा त्याला तीन येन देते. पोरगा बटवा तसाच घेऊन संडासला जातो आणि बटवा खाली पडतो. कियो बांबूच्या काठीने तो काढते, धुते. नोटांचा रंग जाऊन त्या तपकिरी झालेल्या. शेगडीवर वाळवून ती पुढे करते, तर हा म्हणतो, वास येतोय. ती जाते आणि कुठूनशी त्या बदलून चांदीचे तीन येन आणते. ते कशावर खर्चले हे त्याला आठवतही नाही. देईन म्हणाला होता, दिले नाहीत. आता दहापट द्यायचे म्हटले तरी देता येत नाहीत.

पुढे तो मास्तर होऊन दूरच्या गावी जातो. तिथे एक सहकारी त्याला रस्त्यात बर्फाचं पाणी पाजतो. किंमत एक सेन पाच रिन. मग कुणीतरी कान भरतं, दोघांत वाकडं येतं, आणि बोच्चानला ते दीड सेन जाळायला लागतात. हा माणूस खोटा असेल तर त्याच्या पाण्याचे उपकार घेऊन मरणार नाही मी. तो पैसे त्याच्या टेबलावर ठेवतो. सहकारी ते परत सरकवतो. हा पुन्हा ठेवतो. शेवटी ती नाणी दोघांच्या मधल्या टेबलावर धूळ खात पडून राहतात, आणि समेट झाल्यावरच बोच्चान ती उचलून खिशात टाकतो.

याच भांडणाच्या भरात त्याला कियोचे तीन येन आठवतात. पाच वर्षं झाली, परत केले नाहीत. जमत नाही म्हणून नव्हे, करायचेच नाहीत म्हणून. परत करणं म्हणजे तिला परकं ठरवणं. ती माझाच एक तुकडा आहे, तुकड्याला कोण पैसे फेडतं?

हे वाचलं तेव्हा मला आईची साखरेची वाटी आठवली. शेजारून साखर आणली की वाटी कधी रिकामी परत करायची नाही, आणि बरोबर मोजून तेवढीच साखर तर मुळीच नाही. चार शेंगदाणे, एक लाडू, काहीतरी वेगळं. हिशेब थोडा बाकी राहिला पाहिजे म्हणजे येणंजाणं राहतं. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर जेवायला जाते आणि टेबलावरून उठायच्या आत प्रत्येकीच्या फोनवर प्रत्येकीचे पैसे पोचलेले असतात, दोनशे सदतीस रुपये पन्नास पैसे. मी एकदा म्हटलं, "अगं, पन्नास पैसे?" तर म्हणाली, "आई, उगाच कुणाचं काही राहायला नको." कियोला हे कळलं नसतं. टेबलावर दीड सेन ठेवणाऱ्या बोच्चानला लगेच कळलं असतं.

जपानीत माफी मागताना आणि आभार मानतानाही 'सुमिमासेन' म्हणतात. 'सुमु' म्हणजे संपणं, मिटणं. त्याचं हे नकारी रूप. मिटलेलं नाही. तुमचं माझ्यावरचं काही मिटलेलं नाही. बिलांच्या खाली-वर मी हा शब्द हजारदा पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला त्या तीन येनांनी शिकवला.

सोसेकी स्वतः पैशाच्या बाबतीत भाबडा नव्हता. १९०७ मध्ये तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठातली नोकरी सोडून तो 'आसाही' या वर्तमानपत्रात महिना दोनशे येनांवर कादंबरीकार म्हणून रुजू झाला. लोकांनी नाकं मुरडली. वर्तमानपत्र हा धंदा असेल तर विद्यापीठ हाही धंदाच आहे, असं त्याने जाहीर लिहून टाकलं. आणि 'मिचिकुसा' (१९१५) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्याने जे केलं, ते माझ्या मते कुठल्याच भाषेत फार थोड्यांनी केलंय. केन्झो हा प्राध्यापक. लहानपणी दत्तक घेऊन पुढे ज्यांच्याशी संबंध तुटला ते शिमादा म्हातारपणी दारात येतात. भेटायला, मग पैसे मागायला, मग एक जुना कागद विकायला. शेवटी केन्झो शंभर येन देऊन तो कागद सोडवतो. बायको म्हणते, चला, मिटलं एकदाचं. केन्झो कडवटपणे म्हणतो की जगात मिटणारं असं जवळजवळ काही नसतं. एकदा झालं ते चालूच राहतं, फक्त रूप बदलतं म्हणून ओळखू येत नाही.

पण या कादंबरीतला माझा प्रसंग दुसराच. घरखर्च भागत नाही म्हणून केन्झो जास्तीचं काम धरतो. पहिले पैसे हातात आल्यावर तो कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढतो आणि चटईवर टाकतो. बायको मुकाट्याने उचलते. तिला वाटतं, यांनी चार शब्द गोड बोलून दिलं असतं तर मी हसून घेतलं असतं. त्याला वाटतं, हिने हसून घेतलं असतं तर मी चार शब्द गोड बोललो असतो. बस. माझे वडील पगाराचं पाकीट देव्हाऱ्यापुढे ठेवायचे आणि आई आंघोळ करून ते तिथून उचलायची. लहानपणी मला ती भक्ती वाटे. दोघांना एकमेकांच्या हाताकडे बघावं लागू नये अशी ती सोय होती, हे 'मिचिकुसा' वाचल्यावर लक्षात आलं.

थोडं मागे जाऊन ओझाकी कोयोच्या 'कोन्जिकी याशा'चं नाव घ्यायला हवं, नाहीतर जपानी वाचक रागावतील. 'सोनेरी राक्षस' म्हणा. १८९७ च्या नव्या वर्षाला ती योमिउरी वर्तमानपत्रात सुरू झाली, आणि त्याच वर्षी जपानने आपलं चलन सोन्याला बांधलं. तीनशे येनांच्या हिऱ्याच्या अंगठीवाल्यासाठी ओमिया आपल्या वाग्दत्त कानइचीला सोडते. आतामीच्या समुद्रकिनारी चांदण्यात तो तिला लाथ मारतो आणि सूडापोटी सावकार होतो. नाटकी आहे. अश्रूही भरपूर. मला त्यातली एक कोटी तेवढी फार आवडते. जबर व्याजाने कर्ज देणारा तो 'कोरिगाशी', आणि बर्फाच्या मिठाईलाही उच्चार तोच. म्हणून सावकाराला त्या काळी 'आइस' म्हणत, आइस्क्रीमातला आइस. लेखक १९०३ मध्ये गेला, गोष्ट अर्धीच राहिली. आतामीला त्या लाथेचा पुतळा आहे.

इथपर्यंत घेणेकऱ्याला चेहरा आहे. सावकार असो, मानलेला बाप असो, कियो असो, तुम्ही त्याच्या दारात जाऊ शकता, त्याच्यावर चिडू शकता. १९२९ च्या 'कानिकोसेन' या कादंबरीत तो चेहरा जातो. कामचात्काच्या समुद्रात खेकडे पकडून बोटीवरच डबाबंद करणारं जहाज. ते कारखाना आहे म्हणून त्याला जहाजांचे कायदे लागू नाहीत, आणि जहाज आहे म्हणून कारखान्यांचे नाहीत. पहिल्याच वाक्यात एक कामगार दुसऱ्याला म्हणतो की चला, नरकात निघालोय. कामगारांना बहुतेक नावंही नाहीत. जवळच दुसरं जहाज, चिचिबुमारू, बुडायला लागतं. बिनतारी संदेश येतो, चारशे पंचवीस माणसं, वाचण्याची आशा नाही. कप्तान मदतीला वळायला बघतो तर मुकादम अडवतो. त्या डबड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त विमा उतरवलाय, बुडालं तर फायदाच आहे. पैशांच्या आकड्यांनी भरलेल्या या साहित्यात हा एक आकडा माणसांचा आहे, आणि तो हिशेबात धरलाच जात नाही.

हे लिहिणारा कोबायाशी ताकिजी ओतारू गावी होक्काइदो ताकुशोकु बँकेत कारकून होता. म्हणजे दिवसा तोही बिलं आणि व्याजाचे तक्तेच बघायचा. त्याच वर्षी गावाबाहेर राहून शेतकऱ्यांच्या जिवावर जगणाऱ्या जमीनदारावर त्याने दुसरी कादंबरी लिहिली आणि बँकेने त्याला काढून टाकलं. २० फेब्रुवारी १९३३ ला तोक्योत पोलिसांनी त्याला पकडलं आणि त्याच दिवशी मारहाणीत तो मेला. वय एकोणतीस. त्याला काढणारी बँक १९९७ च्या नोव्हेंबरात बुडाली. आणि २००८ मध्ये, जहाजाच्या काळानंतर ऐंशी वर्षांनी, कंत्राटी नोकऱ्यांत पिचलेल्या तरुण मुलांनी 'कानिकोसेन' अशी काही उचलून धरली की लाखोंनी खपली. कियोच्या काठीने बटवा वर यावा तशी.

१९८९ च्या २९ डिसेंबरला, म्हणजे जवळजवळ ओमिसोकालाच, तोक्योचा शेअर निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. मग फुगा फुटला. त्या पडझडीतली कादंबरी म्हणजे मियाबे मियुकीची 'काशा' (१९९२). काशा म्हणजे पापी माणसाला नरकात नेणारा जळता गाडा, आणि घरात पैशांची ओढाताण असली की जपानी माणूस म्हणतो, 'आमचा संसार म्हणजे आगीचा गाडा.' एक मुलगी नवऱ्या मुलाच्या सांगण्यावरून क्रेडिट कार्डासाठी अर्ज करते, पूर्वीची दिवाळखोरी उघडी पडते आणि ती गायब होते. शोधायला निघतो तो रजेवरचा पोलीस. रहस्यकथा आहे, म्हणून जास्त सांगत नाही. त्यातला वकील मात्र एक गोष्ट पटवून देतो, की कर्जात बुडणं हे रस्त्यावरच्या अपघातासारखं आहे, आणि दर वेळी नुसत्या चालवणाऱ्यालाच दोष देऊन रस्ता कुणी बांधला हे विचारायचं टाळलं जातं. या कादंबरीतही सगळे देणेकरी आहेत. फक्त आता दारावर येतो तो कुणाचाच कुणी नसतो.

हारुकी मुराकामीबद्दल काहीच कसं नाही, असं विचारणारे वाचक आहेत, त्यांच्यासाठी: 'डान्स डान्स डान्स'मधला नायक आपल्या लेखनकामाला बर्फ उपसण्याचं काम म्हणतो, सांस्कृतिक बर्फ. बिलं भाषांतरित करणाऱ्या बाईला ते पटतं. पण त्याच्या माणसांना महिनाअखेरीस भाडं भरायची धास्ती कधी वाटलेली मला आठवत नाही. मुराता सायाकाच्या 'कोन्बिनी निन्गेन'मधल्या (२०१६) दुकानात अठरा वर्षं काम करणाऱ्या केइकोवर माझा जास्त विश्वास बसतो. सुट्टीच्या दिवशी नीट जेवून-झोपून दुसऱ्या दिवशी ठणठणीत येणं हेही तासाच्या मजुरीत धरलेलं आहे, असं मॅनेजरने सांगितलेलं ती मनापासून पाळते. झोपही दुकानाची.

आणि सगळ्यात जवळची त्सुमुरा किकुको. 'पोतोसु राइमु नो फुने' या तिच्या कथेला २००९ मध्ये आकुतागावा पुरस्कार मिळाला. नागासे, एकोणतीस वर्षांची, नारामध्ये आईबरोबर जुन्या घरात राहते, कारखान्यात लाइनवर उभी असते. भिंतीवर जहाजातून जगप्रदक्षिणेची जाहिरात लागते. खर्च सोळा लाख तीस हजार येन. तिच्या लक्षात येतं की आपला वर्षाचा पगार बरोब्बर एवढाच आहे. आयुष्याचं एक वर्ष आणि जगाला एक फेरी, भाव सारखा. ती बचत करायला लागते. ओमिनेचे दोन येन चोरीचे होते, केन्झोचे शंभर खंडणीसारखे. हे सोळा लाख तीस हजार मात्र कुणाचंही देणं नाही. तरी ती ते फेडत असल्यासारखी वहीत मांडत जाते.

शीर्षकातलं पोतोसु हे तिच्या घरातलं झाड. पाण्यात नुसती फांदी ठेवली तरी वाढतं, म्हणून तिने ग्लासांमधून लावलेलं. शब्दकोशातून अर्थ लागेना, मग फोटो शोधला आणि हसूच आलं. आमच्या गॅलरीत आहे की हे. आपण याला मनीप्लांट म्हणतो.

आमचा मनीप्लांट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडीतून आणलेला आहे. विकत किंवा मागून आणला तर फळत नाही, चोरूनच आणावा लागतो म्हणतात, म्हणून संध्याकाळी त्या देवळात गेल्या असताना एक फांदी तोडली होती. काकूंना अर्थातच माहीत आहे. जिन्यात भेटल्या की विचारतात, "काय गं, आमचं रोप बरं आहे ना?" आता तो खिडकीच्या गजांवरून पार वर गेलाय. त्याची एक फांदी काढून बाटलीत घातली आहे, मुळं फुटली की खाली नेऊन देईन म्हणते. तीन वर्षं झाली, म्हणतेच आहे.